हिवाळ्यापुरता उसना गडी

१८ ऑगस्ट १९७४, रविवार

खतवाल्यांनी नाताळात फुकट दिलेली ही डायरी आजवर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होती. आज तिला बढती मिळाली, आणि मलाही. चर्च सुटल्यावर शाळेच्या खोलीत सभा झाली. आमच्या किलडरा गावाच्या फुटबॉल संघाला मॅनेजर हवा होता, कारण आधीचा मॅनेजर पाठ धरून अंथरुणाला खिळलाय. कुणीतरी माझं नाव पुढे केलं. दुसरं नाव आलंच नाही.

घरी येऊन बायकोला, डिम्फ्नाला, सांगितलं, "एकमताने निवडून आलो."

"म्हणजे गावात शहाणे किती आहेत ते कळलं," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

जुना मॅनेजर म्हणाला होता, रोज थोडं लिही, डोकं हलकं राहतं. म्हणून हे लिहिणं.

माझ्या हयातीत किलडराने काउंटीचा कप पाहिलेला नाही. यंदा संघ उपांत्य फेरीत आहे, आणि त्याचं कारण एकच, फिंटन. माझ्या बहिणीचा, अट्राक्टाचा, एकुलता एक. आठवडाभर माझं खोदाईचं मशीन चालवतो आणि रविवारी आठ नंबरची जर्सी घालून मैदानाच्या मधोमध उभा राहतो. सतराव्या वर्षी काउंटीच्या पोरांच्या संघात गेला, पुढच्याच वर्षी गुडघा फुटला. लोक म्हणाले, संपला. दोन वर्षं तो पोत्यात वाळू भरून पायाला बांधून टेकडी चढायचा. आता काउंटीचे निवडकर्ते पुन्हा त्याचं नाव काढताहेत. कप जिंकलो तर वसंतात काउंटीची जर्सी त्याच्या अंगावर येईल, आणि मग डब्लिनचं मोठं मैदान. पोराला आयुष्यात दुसरं काही नकोच आहे.

माझ्या डोळ्यांना आता लांबची मेंढी आणि धोंडा सारखाच दिसतो, पण कान शाबूत आहेत. मैदानाकडे पाठ करून उभा राहिलो तरी लाथ कुणाची ते सांगतो. आमच्या आयरिश फुटबॉलात चेंडू हातानेही झेलतात, आणि फिंटनचं झेलणं तर मी झोपेतही ओळखेन. आधी "माझा!" अशी हाक, चार वर्षांचा असल्यापासूनची. मग तळव्यांची थाप, मग छातीवर दुसरी थाप, आणि शेवटी दोन्ही पाय जमिनीवर.

२५ ऑगस्ट, रविवार

सराव बरा झाला. फिंटन मात्र रात्रभर गुरं हाकल्यासारखा दमून आला. बूट ओले आणि चिखलाने भरलेले. आठवडाभर थेंब पडलेला नाही.

"कुठे होतास?"

"झोपलो होतो, मामा."

"बूट घालून?"

तो हसला. मी त्याच्या बुटाखालचा चिखल नखाने काढून पाहिला. निळी माती. तीस वर्षं मी जमीन खणून पोट भरतोय. ही माती वर कुठेच नसते. विहीर खणताना माणूस बुडेल इतकं खाली गेलं की लागते. वर सापडायची तर एखाद्या तळ्याच्या काठी, पाणी उपसलेलं असेल तिथेच.

म्हणजे कुठल्या तरी तळ्याकाठच्या क्लबाकडून पोरगा खोट्या नावाने खेळतोय! ही चोरी आपल्याकडे जुनीच. मीही तरुणपणी एकदा मेलेल्या माणसाच्या नावावर अर्धा तास खेळलोय. पण काउंटी बोर्डाने पकडलं तर सहा महिने घरी, आणि कपाला रामराम.

१ सप्टेंबर, रविवार

आपलं मैदान गढीच्या पायथ्याशी आहे. दहा वर्षांपूर्वी मी स्वतःच ते सपाट केलं. गढी म्हणजे टेकाडावरचं जुनं मातीचं कडं, वर झाडी. तिला मी हात लावला नाही. आत थोर मंडळी, म्हणजे जमिनीखालचे अदृश्य लोक, राहतात म्हणे. माझा विश्वास नाही, पण गढीला हात लावणाऱ्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. गढी आणि मैदान यांच्यामधल्या कोपऱ्यात एक एकटं काटेझाड आहे, तेही त्यांचंच म्हणतात, म्हणून तसंच ठेवलं.

आज सरावात या झाडाच्या पलीकडे कुणीतरी उभा होता. तपकिरी सूट, हॅट. माझ्याकडे बघत नव्हता, फिंटनकडे बघत होता. मी तिकडे चालत गेलो तोवर नाहीसा. जवळपास मोटार नाही, सायकल नाही. कॅप्टन, माझा कुत्रा, जो पोस्टमनचीही पोटरी सोडत नाही, ट्रॅक्टरखाली जाऊन बसला होता.

चोर कुणी का असेना, कपडे बरे घालतो.

८ सप्टेंबर, रविवार

उपांत्य सामना जिंकलो! बालीनाशीचे लोक अजून डोक्याला हात लावून बसले असतील. फिंटनने असे झेल घेतले की पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. पोरगा वर जातो आणि तिथे क्षणभर थांबतो. खाली यायचं त्याला आठवत नाही.

संध्याकाळी डिम्फ्नाने डुकराचं मटण आणि कोबी केला होता. फिंटनने ताटाला हात लावला नाही.

"खाऊन आलास कुठून?" मी विचारलं. म्हटलं, चोर आता जेवणंही घालायला लागले.

"ते वाढतात," तो खाली बघत म्हणाला, "पण मी खात नाही तिथे. आई म्हणाली आहे, काही झालं तरी खाऊ नकोस."

म्हणजे अट्राक्टालाही माहीत आहे! आणि मला कुणी सांगितलं नाही.

९ सप्टेंबर

अट्राक्टाकडे गेलो. ती चुलीत पीटची, दलदलीतल्या मातीची, वाळकी ढेकळं पेटवत होती. बहीण माझ्याहून लहान, पण बोलायला लागली की आपली आई बोलतेय असं वाटतं.

"कोण आहेत हे?" मी म्हटलं. "नाव सांग, बाकीचं मी बघतो."

"नाव घेत नाहीत त्यांचं. तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही."

"आजीच्या भावाला नेलं होतं, थॅडीला. थोर मंडळींच्या सामन्यात. दोन्ही बाजू त्यांच्याच, पण एक जिवंत माणूस मैदानात असल्याशिवाय त्यांचा चेंडू उसळत नाही. आजी सांगायची, आपण दोघं ऐकायचो."

"अगं, थॅडी क्षयाने गेला. त्या साली अर्धं गाव क्षयाने गेलं."

"खेळून खेळून वाळला तो. मग एक दिवस पानासारखा गळून गेला." तिने चिमटा खाली ठेवला. "मलाकी, तू मोठा आहेस, त्याला बाप नाही. घरच्या माणसाने नको म्हटलं तर ते मानतात. एवढंच करायचंय. नको म्हणायचं."

मी हो म्हटलं. बहिणीचं डोकं दुःखाने जरा हललंय. नवरा गेल्यापासून ती एकटीच आहे. पण चोरांना नको म्हणणं मला जमेल. मी गॅलवेच्या ठेकेदाराला नको म्हटलेलं आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

फिंटन बारीक झालाय. मशीनच्या सीटवर झोपला आणि खोदायची बादली हवेतच राहिली. बरगडीवर काळेनिळे डाग, कोपर मारल्यासारखे, पण फार मोठ्या माणसाच्या कोपराचे. खेळतो मात्र देवासारखा. हे गणित मला जुळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो शेजारी येऊन बसला. चहा हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"मामा, मला खेळायचं नाही तिथे. पण पायच नेतात. डोळे उघडले की मी मैदानात असतो आणि चेंडू वरून येत असतो. आणि मामा, चेंडू आला की मला झेलावासा वाटतो. तेच वाईट आहे."

"मैदान कसलं आहे?"

"छान आहे. सपाट. गवत एका उंचीचं. तुझ्यासारख्यानेच केलंय असं वाटतं." मग हळूच म्हणाला, "तू नाही म्हण ना त्यांना."

"सोड माझ्यावर," मी म्हटलं. दारू पाजत असणार त्याला. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. ओल्या मातीचा होता.

६ ऑक्टोबर, रविवार

सौदा झाला. सगळं लिहून ठेवतो, कारण असा सौदा मी आयुष्यात केला नाही.

सराव संपला, धुकं उतरत होतं. मी लोखंडी फाटक लावत होतो. तपकिरी सूटवाला काटेझाडाशी उभा. फाटकाच्या आत ये म्हटलं तर आला नाही. मोठ्या घरची माणसं असतात अशी, दुसऱ्याच्या फाटकाला हात लावत नाहीत. मीच गेलो. जवळून चेहरा चांगला होता, पण वय सांगता येईना. रिमझिम चालू होती आणि त्याची हॅट कोरडी. कापड उंची असणार.

"मलाकी गिलहूली आपणच?" माझ्या आईच्या वेळची आयरिश. आता कुणी तसं बोलत नाही.

"कर्ज मागायला आला असाल तर मी नव्हे. काम द्यायला आला असाल तर मीच."

तो हसला नाही. "आम्हाला एक गडी हवा आहे. उसना."

"कुठला क्लब तुमचा?"

"जवळचा."

"नाव?"

"लोक घेत नाहीत."

"शहाणे आहेत. बोर्डाचे कान लांब असतात."

"तुमच्यातला एक असल्याशिवाय आमचा खेळ सुरू होत नाही," तो म्हणाला. "आपला भाचा चांगला आहे. पण घरच्यांचा नकार असेल तर आम्ही हट्ट धरत नाही. नकार आहे का?"

आता, मी धंदा करणारा माणूस. गुरांच्या बाजारात जो पहिल्यांदा नाही म्हणतो त्याच्या हातून गिऱ्हाईक जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक मागच्या दाराने येऊन फुकट नेतं. नाही म्हटलं असतं तर हे लोक चोरून नेतच राहिले असते, आणि अंतिम सामन्याला माझा गडी अर्धमेला.

"नकार कसला," मी म्हटलं. "पण मोसमात माल महाग असतो. अंतिम सामना होईपर्यंत तो माझा. बोट लावायचं नाही. आणि सामन्याच्या दिवशी मला तो ताजातवाना हवा."

"असेल. आणि नंतर?"

"नंतर हिवाळ्यापुरता घेऊन जा."

"कुठवर?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.  मग त्याने काटेझाडाच्या बुंध्यावर हात ठेवला, काट्यांमधून, सहज. "या झाडाला पान फुटेपर्यंत."

मी मनात हिशेब केला. पान फुटणार एप्रिलात. आमच्या लीगला सुरुवात मे महिन्यात, काउंटीचे सामनेही तेव्हाच. हिवाळ्यात आपल्याकडे मैदानावर कावळासुद्धा खेळत नाही. म्हणजे त्याला मिळाला पाऊस आणि मला मिळाला कप! मला हसू आवरेना.

बाजारात सौदा पक्का करतात तसा मी तळहातावर थुंकलो आणि हात पुढे केला. त्याने हात दिला. पहाटे मशीनच्या दांड्याला हात लावावा तसा गार.

डिम्फ्नाला सांगितलं. ती म्हणाली, "फार स्वस्तात मिळालं की तू दोनदा मोजतोस. आज मोजलंस का?"

७ ऑक्टोबर

फिंटनला म्हटलं, "मिटवलं."

"नाही म्हणालास ना?"

"तसंच काहीसं."

त्याने मला मिठी मारली. पस्तीस टन माती उपसणारं पोर, मिठी मारताना रडत होतं. मग बसून सहा अंडी खाल्ली. डिम्फ्ना खूश.

१३ ऑक्टोबर, रविवार

माणूस शब्दाला पक्का निघाला. फिंटन रंगात आलाय. बूट कोरडे, गाल लाल, पोरांना टोमणे मारतोय. गोलकीपरने चेंडू सोडला तर म्हणाला, "अरे, ती तुझी सासू आहे का, हात लावायला घाबरतोस!" सगळं मैदान हसलं. मीही हसलो, आणि हसता हसता झाडाकडे बघितलं. कुणी नव्हतं.

तरी डोक्यात किडा वळवळतोय. सूटवाला पुन्हा आला आणि अटी वाढवायला लागला तर? त्याची उभं राहायची जागा म्हणजे ते झाड. चोराला आडोसाच ठेवला नाही तर तो येणार कुठे? शिवाय कोपरा मोकळा झाला तर मोटारी लावायला जागा होईल. पुढच्या साली कपविजेत्यांचं मैदान बघायला लोक येतील.

१५ ऑक्टोबर

फिंटनला म्हटलं, मशीन घेऊन ते झाड काढ. त्याचा चेहरा पडला.

"दुसरं काहीही सांग, मामा. नुसत्या हातांनी विहीरसुद्धा खणतो. ते नको."

"तू तुझ्या आईचा आहेस," मी म्हटलं आणि स्वतः चढलो. झाड चिवट होतं. दोनदा मशीन मागे ओढलं गेलं. मग मूळ सुटलं, आणि सुटताना असा आवाज झाला की कॅप्टन घरी पळाला तो जेवायलाही बाहेर आला नाही. मुळांना खाली निळी माती लागलेली होती. म्हणजे इथेही तो थर आहे तर! विहिरी बांधणाऱ्यांना विकता येईल.

घरी जाळायला आणलं, पण डिम्फ्नाने दारातच अडवलं. "चुलीत नाही. या घरात नाही." गोठ्यामागे टाकलं. फांद्या तोडल्या, बुंधा पडून आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो! जिंकलो! किलडरा!

 शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. धुक्यात चेंडू दिसत नव्हता. मी डोळे मिटले आणि ऐकत राहिलो. "माझा!" मग थाप, मग छातीवर थाप. पाय जमिनीला लागल्याचा आवाज मात्र मला आला नाही. मग लाथ, आणि खांबांच्या मागच्या माणसाने पांढरा झेंडा वर केला. एका गुणाने जिंकलो.

गावाच्या वेशीवर डांबराच्या पिंपांचे जाळ पेटवले होते. फिंटनला कपासकट ट्रॅक्टरच्या गाडीवर बसवून मैदानावर आणलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारली. त्या रिकाम्या कोपऱ्याशी त्याला उतरवलं. तो म्हणाला, "थांबा रे, कुणीतरी हाक मारतंय." आणि धुराकडे चार पावलं गेला.

नंतर गर्दीत दिसेना. थोड्या वेळाने कपडे बदलायच्या खोलीत बाकावर एकटा बसलेला सापडला. दमला असणार. मी खांद्यावर थाप मारली. "कसं वाटतंय, काउंटीचा गडी?"

त्याने वर बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, "बरं वाटतं, मिस्टर गिलहूली."

सगळे हसले. मस्करी करतोय.

२९ ऑक्टोबर

जर्सी धुवायची पाळी डिम्फ्नाची. तिने मला दोरीशी बोलावलं. आठ नंबरच्या दोन निघाल्या. क्लबाकडे आठ नंबरची एकच आहे.

एक चिखलाने माखलेली, निळ्या मातीने. ती कोपऱ्यातल्या खड्ड्यात पडलेली कुणीतरी आणून दिली. दुसरी फिंटनच्या अंगावरून उतरवलेली. सबंध सामन्यात धुक्यात आणि चिखलात खेळूनही स्वच्छ.

"सरावासाठी कुणीतरी जास्तीची शिवून घेतली असेल," मी म्हटलं.

"उजव्या कोपराला मी रफू केलं होतं, हिरव्या दोऱ्याने," डिम्फ्ना म्हणाली. चिखलाच्या जर्सीवर ते होतं. तिने दुसरी उलगडली. त्याच दोऱ्याने, त्याच टाक्यांनी तसंच रफू होतं. डाव्या कोपराला.

तिने ती काठीने उचलून वेगळी टांगली. मी चहा प्यायला आत गेलो.

४ नोव्हेंबर

फिंटन कामावर आला नाही. मशीनच्या जवळ जायला नको म्हणतो. लोखंडाचा वास येतो म्हणे. घरी चुलीशी बसतो आणि खातो. अट्राक्टाने केलेली पावाची अख्खी लादी, मग बटाटे, मग पुन्हा पाव. अंग मात्र काडी. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, मोठ्या विजयानंतर मज्जातंतू कधी कधी ढिले पडतात. फादर येऊन प्रार्थना म्हणून गेले. पोरगा शांतपणे ऐकत होता, मध्येच खुदकन हसला.

१७ नोव्हेंबर, रविवार

काउंटीचा निवडकर्ता आला. भला माणूस. अंगणात त्याने फिंटनकडे चेंडू उंच टाकला. अगदी सोपा.

फिंटनने हात वर केलेच नाहीत. चेंडू छातीवर आपटला आणि खाली पडून लोळत गेला. तो त्याच्याकडे बघत राहिला, मांजराने उंदीर सोडून द्यावा तसा, आणि हसला.

निवडकर्ता टोपी फिरवत म्हणाला, "वसंतात बघू, मिस्टर गिलहूली. वसंतात."

मी म्हटलं, "वसंतात तो परत... वसंतात बरा होईल."

जीभ का घसरली कळलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

अट्राक्टाकडे गेलो. ती त्याला चमच्याने सूप भरवत होती. मी म्हटलं, त्याला इस्पितळात नेऊ.

"हा आजारी नाही," ती म्हणाली. अगदी शांत. "हा माझा नाही. जागा धरायला ठेवलाय."

"अट्राक्टा!"

"ओरडू नकोस. मी याला नीट सांभाळते. हा इथे उपाशी राहिला नाही तर तोही तिकडे उपाशी राहणार नाही, असं वाटतं मला. त्यांचं अन्न खाल्लं की परत येता येत नाही." तिने त्याचं तोंड पुसलं. तो माझ्याकडे बघत होता. डोळे फिंटनचे. पण फिंटनने मला असं कधी मोजून पाहिलं नव्हतं.

१२ जानेवारी १९७५, रविवार

कुंपण दुरुस्त करायला मैदानाकडे गेलो होतो. भर दुपारी दाट धुकं. गढीच्या बाजूने आवाज आले. लाथ. लाथ. खूप माणसं धावल्याचा आवाज, पण ओरडा नाही. मग एक हाक.

धुक्यात आवाज लांबून येतो. बालीनाशीच्या मैदानावरून आला असेल.

संध्याकाळी बालीनाशीच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "जानेवारीत? आमच्या मैदानावर सध्या बदकं पोहतात."

१३ जानेवारी

हाक "माझा" अशी होती. काल लिहिलं नाही.

२ मार्च, रविवार

रोज जातो. धुकं असलं की ऐकू येतं. आधी हाक, मग दोन थापा. पाय टेकल्याचा आवाज नाही. बाकी सगळे आवाज मला अनोळखी, पण तो एक ओळखतो. डिम्फ्ना विचारत नाही, नुसती थर्मास भरून ठेवते.

काही मानायचं नाही असं मी ठरवलंय. पण सौदा म्हणजे सौदा. एप्रिल आता फार लांब नाही.

२० एप्रिल, रविवार

सगळीकडे काटेझाडांना पालवी आली. गावाच्या वाटेवरची कुंपणं पोपटी झाली. अट्राक्टा हसत आली. कितीतरी महिन्यांनी तिला हसताना पाहिलं.

"आता सांग," ती म्हणाली. "तू नकार दिला नाहीस, ते मला ठाऊक आहे. नकार दिला असतास तर तो गेला नसता. काहीतरी मुदत घातली असशील. तू मुदतीशिवाय फावडंसुद्धा देत नाहीस. शब्द काय होते? नीट आठव."

मी सांगितलं. झाडाला पान फुटेपर्यंत.

"मग झालंच की!" तिने हात जोडले. "सगळ्यांना फुटलंय." मग हसू जरा थांबलं. "कुठल्या झाडाला?"

 ती खिडकीतून मैदानाच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे मी खडी टाकलेली आहे, मोटारींसाठी.

तिने शाल घेतली आणि त्याला भरवायची वेळ झाली म्हणून गेली.

२१ एप्रिल

गोठ्यामागचा बुंधा पाहिला. सहा महिने पडून आहे. एका बाजूला बुरशी. मुळांना अजून थोडी निळी माती आहे.

खडी उपसली. हातानेच, फावड्याने. मशीन लावलं नाही. त्याच खड्ड्यात, पूर्वीचीच बाजू गढीकडे करून बुंधा उभा केला. दोन गावकरी कुंपणाशी उभे राहून बघत होते.

"मलाकी, मेलेलं लाकूड पेरतोस का?"

"विकत घ्यायचंय का?" मी म्हटलं. हसले आणि गेले.

११ मे, रविवार

लीगचा पहिला सामना हरलो. आठ नंबरला नवा पोरगा होता, बिचारा उडी मारतो तेव्हा जमिनीचीच आठवण काढतो.

सगळ्या कुंपणांवर पांढरा फुलोरा आला. वास घरापर्यंत येतो.

मी बुंध्याला सकाळी दोन बादल्या पाणी घालतो, संध्याकाळी दोन. माझा त्यावर विश्वास आहे असं नाही. पाण्याला पैसे पडत नाहीत, एवढंच. डिम्फ्ना आता तिसरी बादली स्वतः आणून ठेवते.

१८ मे, रविवार

संध्याकाळी थोडं धुकं होतं. ऐकू आलं. हाक आधीसारखीच, पण दमलेली, अंधार पडायला लागल्यावर पोरं घरी कधी जायचं विचारतात तशी.

मी बुंध्याशी बसलो होतो. "आलो रे," असं म्हटलं. मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही.

मग नखाने साल थोडी खरवडून पाहिली. आत किंचित ओल होती, आणि रंग हिरवट वाटला. मी घातलेल्या पाण्याचीच असेल. डोळेही आता खात्रीचे नाहीत. उद्या उजेडात डिम्फ्नाला दाखवतो.